तीन कुलपांचा पासवर्ड

उद्या सकाळी सप्ताहाची वीणा उभी राहायची होती. दुपारच्या पंगतीला दीड हजार पानं कोणत्या गावानं वाढायची, हे फक्त संगणकाला माहीत होतं, आणि संगणक तोंड उघडायला तयार नव्हता.

समितीच्या खोलीत उपेंद्रसरांनी सहाव्यांदा वेबसाइट उघडून पाहिली. तीच लाल पट्टी. डेटाबेसमध्ये प्रवेश नाकारला. सर भोरच्या एका कॉलेजात संगणक शिकवायचे. कीर्तनाचं वेड असं, की मेहुणीची मंगलाष्टकं चालू असताना हे शेजारच्या आळीत टाळ धरून उभे होते. आठ गावांच्या सप्ताहाला वेबसाइट हवीच, हा हट्ट त्यांचाच. पंगतींच्या पाळ्यांची जुनी वही होती, तिला गेल्या वर्षी हळदकुंकू वाहून, छोटंसं भाषण करून त्यांनी नीरेत सोडलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. आता वही नदीत होती आणि सर घामात.

बरं, पासवर्ड टाकून आत शिरावं, तर तोही साधा नव्हता. देवाच्या दागिन्यांच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन घरांत, ही समितीची जुनी रीत. पेटीची तळफळी वाळवीनं कधीच खाल्लीय आणि पुजारी चांदीचा मुकुट घासायला खालूनच काढतो, हे आठही गावांना ठाऊक आहे. पण कुलपं तीन आहेत, यावर समितीची मान ताठ असते. तेव्हा पासवर्डचेही तीन तुकडे झाले. एक उत्रोलीच्या कुंडलिकअण्णांकडे, एक पानशेतला हॉटेल चालवणाऱ्या सोमनाथशेठकडे आणि एक पासलीच्या गेनबातात्यांकडे. उद्घाटनाच्या दिवशी एकेकानं आपला तुकडा टाकला, तेव्हा उरलेले दोघे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

ही वेबसाइट बनवणारा सरांचा जुना विद्यार्थी सौमित्र. तो पुण्यात असतो. त्याचा फोन सकाळपासून लागत नव्हता. मग सरांनी तिघांना बोलावून घेतलं.

अण्णा शेतातून तसेच आले. शेठ रविवारची पुण्याची गिऱ्हाइकं पिठलं-भाकरीसाठी ताटकळत ठेवून आले, आणि ते त्यांनी चारदा सांगितलं. तात्या दोन एसट्या बदलून पोचले आणि पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले.

सरांनी आधी सोपा मार्ग सुचवला. आठ गावांना आठ फोन करू आणि विचारू, उद्या कुणाची पाळी.

"म्हंजे वेबसाइट बंद पडली म्हनून दवंडीच पिटायची की," शेठ म्हणाले. "वरीसभर मिरवलीय आपन. कुनी कुनाला काय इचारायचं न्हाई, कुनी काय बोलायचं न्हाई. आधी पासवर्ड."

अण्णांनी मान डोलावली. दोघांचं एकमत होण्याची तीन वर्षांतली ही पहिलीच वेळ.

तिघांनी पाळीपाळीनं तुकडे टाकले. लाल पट्टी. पुन्हा टाकले. लाल पट्टी. तिसऱ्या खेपेला अण्णांना शेठचा संशय आला, चौथ्या खेपेला शेठना अण्णांच्या चष्म्याचा. पाचव्या खेपेला दोघं तात्यांकडे वळले.

"तात्या, बटनं नीट दाबताय न्हवं?"

"म्या एका बोटानं दाबतो," तात्या शांतपणे म्हणाले, "पर देवाचं नाव चुकत न्हाई."

शेठनी दचकून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सरांनी पडद्यावरचे ठिपके मोजले. चौदा, चौदा आणि चौदा. रामकृष्णहरी, इंग्रजी अक्षरांत. तीन घरांनी बायकोलाही न सांगता जपलेलं गुपित एकच होतं, आणि ते टाळकरी उद्यापासून आठ दिवस लाउडस्पीकरवर सांगणार होते.

तेवढ्यात पट्टी बदलली. पाच वेळा चुकल्यामुळं एक तास कुलूपबंद.

साडेतीनला सौमित्रचा फोन आला. तो तोरण्यावर चढला होता, तिथं रेंज नव्हती. सर फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले.

"सर, सर्व्हर बदललाय परवा," तो म्हणाला. "नवीन सर्व्हर बिनपासवर्डचं लॉगिन घेत नाही."

"बिनपासवर्डचं? अरे, तीन तुकडे आहेत त्याचे."

"ते होय. बेचाळीस अक्षरं कोण जुळवत बसणार, सर? डेटाबेसला पासवर्ड ठेवलाच नव्हता मी. उद्घाटनाला ती नुसती चौकट केली होती. काहीही टाका, मागून बिनपासवर्डचंच लॉगिन व्हायचं आणि हिरवी खूण यायची. मंडळी केवढी खूश झाली, आठवतंय ना?"

सरांना आठवत होतं. सर्वांत जास्त खूश तेच झाले होते.

सौमित्रनं सर्व्हरची चावी सांगितली. कुलूपबंदीचा तास सरताच सरांनी आत जाऊन डेटाबेसला नवा पासवर्ड दिला, तोच वेबसाइटच्या फाइलीत लिहिला. दोन मिनिटांचं काम. पान उघडलं.

"कुनाचा तुकडा चुकला व्हता?" अण्णांनी विचारलं.

कीर्तनाच्या आदल्या दिवशी खोटं बोलणं सरांच्या जिवावर आलं. तरी ते बोलले, "तिघांचेही बरोबर होते." तिघं ताठ बसले.

सरांनी मोठ्यानं वाचलं, "पहिला दिवस. पंगत, पासली."

"व्हय," तात्या म्हणाले. "आमच्या धोंडाबाईनं परवाच तांदूळ निवडून ठिवलाय. टेम्पो पहाटं निघंल."



"तात्या," सर कसेबसे म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं? मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"तुमी पासवर्ड इचारला, त्यो म्या सांगितला. पंगतीचं कुनी इचारलंच न्हाई. आन् शेठ म्हनले, कुनी काय बोलायचं न्हाई."

शेठना पानशेतची गिऱ्हाइकं पाचव्यांदा आठवली.

सर उठले, चौकातून दोनशे पानी वही आणली आणि आठही पाळ्या सुवाच्य अक्षरात उतरवल्या. आता वही ठेवायची कुणाच्या घरी? अण्णांना शेठचं घर चालेना, शेठना अण्णांचं. अर्धा तास वाद झाला. अखेर ती दागिन्यांच्या पेटीत ठेवायचं ठरलं. तिघांनी तीन कुलपं लावली, तीनदा ओढून पाहिली आणि आपापल्या वाटेनं गेले.

सर देवळाच्या पायरीवर चपला घालत होते. पुजारी हळूच जवळ आला.

"सर, वही लागली तर मला सांगा. काढून देतो."