सिग्नलवर मरणारी मोटरसायकल

माझी नजर घारीची, मेंदू वस्तऱ्याचा आणि बीजगणितात मार्क पन्नासपैकी अठरा. ‘क्ष’ कोण आहे हे शोधण्यात माझ्यासारखीने आयुष्य घालवायचं का? मी गुन्हेगार शोधते.

आजची केस घरचीच. अकरा वाजता ताईची लायसन्सची तिसरी टेस्ट. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायची नोकरी तिला लागलीय, पण सोमवारी लायसन्स दाखवलं तरच. आधीच्या दोन्ही टेस्टना बाबांची छोटी मोटरसायकल पांढऱ्या रेषेपाशी थांबली आणि तिथेच मेली. दोन्ही वेळा मेकॅनिकने नीट करून दिली. आज सकाळी पुन्हा तेच, पहिल्याच सिग्नलवर गचके खाऊन गार.

मी ताईला सहाय्यक नेमलं. पगार शून्य, उत्साह त्याहून कमी.

पहिला संशयित शेजारचे काका. पेट्रोलमध्ये पाणी! पुरावा म्हणजे वर्षानुवर्षं न हसलेला हा माणूस काल तोंड वाकडं करून हसला. ताई म्हणाली की त्यांची दाढ काढलीय. मग मी सायलेन्सरमध्ये हात घालून मांजर शोधलं. मांजर नव्हतं, काजळी होती, आणि विचार करताना कपाळाला हात लावायची मला सवय आहे. शेवटी मी जाहीर केलं की गाडीला परीक्षेची भीती वाटते.

"तुझ्यावर गेलीय," ताई म्हणाली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर बसली. "आज नापास झाले तर ते दुसरीला घेतील गं."

 मी लगेच बाबांची उलटतपासणी घेतली. ते छाती फुगवून म्हणाले, टेस्टच्या सकाळी गाडी तेच तयार करतात. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढून सुरू करतात, इंजिन फार ओरडतं, मग इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू फिरवून आवाज अगदी हळू करतात. लेकीच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. मी वहीत लिहिलं: बाबा निर्दोष.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "अहो, थंड गाडी चोकवर ओरडणारच. तेव्हाच स्क्रूने तिचा गळा आवळलात, तर चोक बंद केल्यावर ती जगेल कशी?"

तिने गाडी पाच मिनिटं तापू दिली, चोक बंद केला, स्क्रू जरासा उलटा फिरवला. इंजिन एका लयीत धडधडू लागलं. बाबांचा हात स्क्रूकडे निघाला, तो आईने वाटेतच धरला आणि टेस्ट संपेपर्यंत सोडला नाही.

पांढऱ्या रेषेपाशी ताई थांबली. गाडी चालूच. पण ताईने सवयीने किक मारायला पाय उचलला.

"बाई, चालू आहे ती," इन्स्पेक्टर म्हणाले. "आता तुम्हीही चला."

ताई पास! मी वहीत ‘केस सुटली’ असं ठळक लिहिलं. कोणी सोडवली, ते लिहायला जागाच उरली नाही.