मुलुंडमधलं लिस्बन

लिफ्ट चालू होती, तरी परबकाका चाकांची बॅग उचलून जिना चढत होते. बॅग आमची होती. आत सोसायटीच्या दुरुस्तीतून उरलेल्या फरश्या होत्या.

"काका, काय करताय हे?"

"पोर्तुगाल," ते धापा टाकत म्हणाले आणि तिसऱ्या मजल्याकडे वळले.

अनंत परब हे मुलुंड पूर्वेला आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. गाव वेंगुर्ल्याकडचं, वडील गिरणीत होते. काकांनी नोकरी औषधांच्या कंपनीत केली, पण जीव सगळा नाटकात. कंपनीची नाटकं तेच बसवायचे. नोकरी संपली, नाटकं संपली, तालीम तेवढी राहिली. कुठलीही गोष्ट तालीम न करता केली की त्यांच्या अंगावर काटा येतो. तळमजल्यावरच्या प्रधानांच्या सुनेचे दिवस भरत आले, तेव्हा काका पोटावर उशी बांधून रिक्षात बसले आणि भर दुपारी हॉस्पिटलला किती वेळात पोचता येतं ते बघून आले. तिथल्या नर्सने त्यांना बसायला खुर्ची दिली म्हणे. "आधी करून बघ मेल्या, मगे बोल," हे त्यांचं उत्तर. प्रश्न कोणताही असो.

आमची लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हा वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आपण कुठेतरी लांब जाऊया रे." तिने कुठेतरी निळ्या टाइल्स लावलेल्या घरांचे फोटो पाहिले होते, म्हणून पोर्तुगाल ठरलं. सप्टेंबर संपताना जायचं. उन्हाळा ओसरलेला असतो, गर्दी कमी झालेली असते. मी हौसेने आखणी केली. लिस्बन, पोर्तो, मग खाली दक्षिणेचे समुद्रकिनारे, तिथून स्पेनमध्ये घुसून सेव्हिल, माद्रिद आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर बार्सिलोना. सगळं सव्वा आठवड्यात. फोनवर ते काकांना दाखवलं.

काकांनी फोन हातभर लांब धरून वाचला. "ही सहल नाय रे. ही वरात. तीसुद्धा पोलिसांनी हाकललेली."

"काका, सगळे असंच फिरतात."

"फिरतत खंय? बॅगा भरतत. सकाळी बॅग भर, स्टेशन गाठ, गाडी पकड, उतर, घर शोध. लिफ्ट नाय, बॅग घेवन जिनो चढ. दुपारपर्यंत खोली तयार नाय. पोटात काय, तर बिस्कीट. शहर कधी बघतलंस मेल्या?"

म्हणून त्या फरश्या. आणि म्हणून पुढच्या रविवारी आमची तालीम. मुलुंड पश्चिमेला, रस्ता डोंगराकडे चढायला लागतो तो सगळा भाग काकांनी लिस्बन म्हणून जाहीर केला. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि तिथले फूटपाथ गुळगुळीत दगडांचे, हे त्यांनी वाचलं होतं. आपल्याकडे अर्धवट उखडलेले पेव्हर ब्लॉक होते. "सराव चांगलो होतलो," काका म्हणाले.

नाश्ता बेकरीबाहेर उभ्याने. पाव आणि कॉफी. वैशालीने शेजारच्या पोह्यांकडे पाहिलं, तर काका मध्ये उभे राहिले. "लिस्बनात पोहे खंय मिळतले, बायो?" मग बसस्टॉपवर आम्हाला उभं केलं आणि आलेल्या दोन बस सोडायला लावल्या. का, तर तिकडच्या ट्राम भरलेल्या येतात. दुसऱ्या बसचा कंडक्टर दारात उभा राहून आमच्या बॅगेकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. "चढताय की फोटो काढताय?" त्याने विचारलं. "तालीम चालू आसा," काका म्हणाले. कंडक्टरने घंटी मारली.

मला मात्र राहून राहून एकच कुतूहल. हा माणूस गोव्याच्या पलीकडे कधी गेला नाही. लिस्बनच्या चढांशी याला काय करायचंय? शेवटी विचारलंच. "काका, एवढी माहिती आहे तर स्वतः का नाही जात तुम्ही?"

"चल चल, ट्राम चुकतली," ते म्हणाले आणि चढ चढायला लागले.

अर्ध्या चढावर वैशाली थांबली. एका बंद दुकानाच्या शटरला हात टेकून उभी राहिली. मला वाटलं, ऊन. मी पाण्याची बाटली पुढे केली. काका मागे वळले, तिच्याकडे नाही, तिच्या पायाकडे बघितलं आणि बॅग तिथेच टेकवली.

"बायो, गुडघो कधीपासून दुखता?"

वैशालीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "दिवाळीपासून. डॉक्टर म्हणाले, चढउतार कमी करा."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मग नंतर जाऊ. नंतर कधी रे? गुडघा काय तरुण होणारे?"

मी अगदी हेच, ह्याच शब्दांत म्हणालो असतो.

काका दुकानाच्या पायरीवर बसले, तिलाही बसवलं. "रडतंस कित्याक? तालमीत अडलंस ना? बरा झाला. पडदो वर गेल्यावर अडलं असतंस तर वाट लागली असती." आणि तिथेच बसून त्यांनी नवी आखणी सांगायला सुरुवात केली. दोनच शहरं, लिस्बन आणि पोर्तो, मध्ये समुद्राकाठचं एखादं लहान गाव. लिस्बनला घर नदीजवळच्या सपाट भागात. वर जायचं ते ट्रामने, चालायचं ते फक्त उताराला, तेही काठी घेऊन. दिवसाला एकच ठिकाण. दुपारी मोकळं बसायचं. द्राक्षांचे मळे बोटीतून बघायचे. समुद्र गार असणार, तेव्हा पोहणं विसरा, पाय भिजवा. पावसाची एखादी सर येऊ शकते, छत्री घ्या. स्पेन सगळा कापला.

"आणि बार्सिलोना?" मी जरा जड आवाजात विचारलं.

"ता थयच रवतला. पळान जाऊचा नाय."

वैशाली हसली. ओढणीने तोंड पुसता पुसता म्हणाली, "काका, तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर."

काकांनी तिच्याकडे न बघता बॅग उचलली, म्हणाले, "बस इली," आणि त्या दिवसात पहिल्यांदा आम्ही खरोखर बसमध्ये चढलो.

त्यानंतर काका दिसेनात. दार बंद, आतून रेडिओचा आवाज. वैशाली काळजीत पडली, "मी काही चुकीचं बोलले का रे?" मलाही कळेना. मग एका संध्याकाळी बेल वाजली. काका दारात उभे, हातात आमचाच डबा, वैशालीने मागे कधीतरी भाजी घालून दिलेला, आता घासलेला. आत यायला तयार नाहीत.

"बायो, त्या दिवशी बोललंस ता तोंडादेखला, की खरां?"

"खरंच, काका."

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "नाय, कसा आसा... एकट्या माणसाक लोक सल्लो विचारतत. चल म्हणान कोण विचारनत नाय." मग घसा खाकरून, माझ्याकडे बघत, "उद्या व्हिसाची तालीम. शर्ट इस्त्री करून ये."

गेलो आम्ही तिघं. लिस्बनमधलं घर एका म्हाताऱ्या बाईंचं होतं, त्या खालीच राहायच्या. इंग्रजी त्यांना जेमतेम. दार उघडून त्यांनी हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव." काका थबकले. "चावी?" बाईंनी मान हलवली. मग खिडकीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "जनेला."

"जनेल!" काका माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडले. "मनोज, माझी आजी जनेलच म्हणायची रे!" मग ते दोघं घरभर हिंडले. साबण, बादली, बटाटा, सगळे पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेले शब्द. बाई एक वस्तू उचलायच्या, काका नाव घ्यायचे आणि दोघं लहान मुलांसारखे हसायचे. वैशाली पाय लांब करून खुर्चीत बसली होती. म्हणाली, "यांना असं हसताना आपण कधी बघितलंय का रे?" मला आठवेना.

संध्याकाळी जेवायला नदीजवळच्या एका लहान हॉटेलात गेलो. दारात वेटरने भुवया उंचावल्या, किती जण? मी बोलायच्या आत काका पुढे झाले आणि त्यांनी तीन बोटं वर केली.

टेबलाकडे जाता जाता ते मला हळूच म्हणाले, "मुलुंडात हॉटेलात एकच बोट दाखवूचा लागता. मगे ते भिंतीकडे बसवतत."

आम्ही बसलो. भाजलेल्या माशांचा वास येत होता. वेटर पाण्याची बाटली ठेवून गेला. काका नदीवरच्या दिव्यांकडे बघत होते. उजवा हात टेबलावर होता आणि त्याची तीन बोटं अजून तशीच ताठ होती. वैशालीने पावाची टोपली त्यांच्याकडे सरकवली. काकांनी हाताकडे बघितलं, जरासे लाजले आणि बोटं मिटून पाव घेतला.