गोमाशेठचा रत्ता

गोमाशेठ तांदूळ विकत. पण ज्यांच्या घरी प्रेशर कुकर आहे, त्यांना नाही.

वाशीच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे मोजक्या बिल्डिंगी, एक दूधकेंद्र आणि बाकी सगळा चिखल होता. मी शाळेत शिक्षिका, नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात. शेजारीण म्हणाली, "तांदूळ पलीकडच्या गावात गोमाशेठकडे चांगला मिळतो. फक्त खोटं बोलायची तयारी ठेवून जा."

मी गेले. ओटीवर भाताच्या कणग्या आणि मध्ये खुर्चीवर साठीचा एक काळाकभिन्न गृहस्थ. कमरेला लाल रुमाल, वर इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"कुकर हाय का घरान?"

"नाही."

"खरा बोल. शालेची बाई हाईस तू."

"नाही म्हटलं ना!"

माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघून त्यांनी पायलीभर तांदूळ मोजून दिला. तांबूस, जाड तांदूळ. त्याला रत्ता म्हणतात. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत दुसरं काही तग धरत नाही, हा धरतो.

पंधरा दिवसांनी शेठ स्वतःच पिशवी घेऊन दारात. "पोचवाला आलो," म्हणाले, पण नजर स्वयंपाकघराकडे. मी चहा दिला आणि तेवढ्यात आत शिट्टी झाली.

"ही कोन वरडली?"

"शेजारी," मी म्हटलं. लगेच दुसरी शिट्टी झाली. पडद्याखालून वाफही आली.

कप खाली ठेवून शेठ आत गेले आणि कमरेवर हात ठेवून कुकरसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता तांदूळ परत मागतील. "सकाळी शाळेची घाई असते हो," मी पुटपुटले. त्यांनी पातेलं मागितलं, माझ्याकडून भात शिजवून घेतला आणि निथळलेली पेज वाटीत घेऊन स्वतः प्यायले.

"रत्त्याला कोंडून ठेवाचा नाय," ते म्हणाले. "उघड्या खाडीचा हाय तो."

तेव्हापासून त्यांनी मला सवलत दिली. दुकानचा तांदूळ कुकरमध्ये, त्यांचा पातेल्यात.

त्यांच्या तोंडी सतत एक वाक्य असे, "आज्याला इचारून सांगतो." हा आजा म्हणजे मागच्या शतकातला शेतकरी. जमीन नव्हती म्हणून त्याने खाडीलाच बांध घातला. भावांना घेऊन, हाताने चिखल रचून. आतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. मग खाडीपलीकडून त्याने टोपलीभर रत्त्याचं बी आणलं. पुढे स्वतःच्या होडीतून तो मुंबईच्या बंदराला भात आणि मीठ न्यायला लागला आणि गावात पहिला 'शेठ' झाला. गोमाशेठ हे असं सांगत, की आजा आत्ताच मागच्या दारी हात धुवायला गेलाय असं वाटावं.

एकदा मार्केटमधला एक व्यापारी सगळा रत्ता एकरकमी उचलायला आला. शेठ आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले. "आजा नाय बोलतो."

"आजोबांना बाहेर बोलवा ना, मी समजावतो," व्यापारी म्हणाला.

"बोलावतो की. पन त्याला वारून चालीस सालां झाली."

व्यापारी चहा अर्धा टाकून उठला.

शेठच्या शेताचे बरेचसे तुकडे नव्या शहरात आधीच गेले होते. उरलेल्या शेवटच्या शेताच्या संपादनाची नोटीस आली, त्या वर्षी त्यांनी कापणी केली आणि ओटीवर कोणाशी फारसे बोलेनासे झाले. दोन्ही मुलगे विटा-रेतीच्या धंद्यात होते, बापाला जपणारे होते. "बाबा, आता आपुनबी दुकानातूनच तांदूळ घेऊ," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यात वावगं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत, शेठ माझ्या वर्गाच्या दारात उभे. हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"बाई, तुझे बापाची पेनला खारीची जमीन हाय, बोललेलीस."

"आहे थोडी."

"बी ठेवून टिकत नाय. दोन सालां पेरला नाय का मरतो. तुझा बाप पेरंल?"

मी सवयीने गमतीत म्हटलं, "आज्याला विचारलंत का?"

त्यांनी गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. "नाय इचारला," म्हणाले. "त्याला कंच्या तोंडान सांगू?"

पुढच्या रविवारी आम्ही एसटीने पेणला निघालो. कंडक्टरने गाठोडं वर ठेवायला सांगितलं. शेठनी ते मांडीवरून हलवलं नाही.

माझे वडील, आप्पा, मोजकं बोलणारे आणि चटकन तापणारे. शेठ थेट शेतावर गेले. माती जिभेला लावली, बांध पायाने दाबून पाहिला आणि सुरू झाले. बांध खचलाय, खाडीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीची फळी सडलीय, नांगरट उथळ आहे.

"शेत माझं आहे," आप्पा म्हणाले.

"बी माजा हाय."

"मग घेऊन जा परत."

आप्पा वळून चालायला लागले. मी मध्ये पडणार, तेवढ्यात शेठनी गाठोडं बांधावर ठेवलं आणि हात जोडले. मोठमोठ्या साहेबांनाही अरे-तुरे करणारा हा माणूस.

"चुकला माजा. जास्त बोललो. तू तुझे रीतीन कर, पन ठेव त्याला."

आप्पा थांबले. परत आले आणि त्यांनी गाठोडं उचललं.

घरी आईने पान वाढलं. शेठ ओटीवरून उठेचनात. "पोर दिली का तिला मूल होई तवर तिचे सासरी जेवाचा नसते." आई आधी हसली. मग तिला समजलं आणि ती घाईने आत गेली. पाणीसुद्धा न पिता, भर उन्हात ते स्टँडपर्यंत चालत गेले.

त्या पावसाळ्यात ते चारदा पेणला जाऊन आले. आप्पा सांगायचे, "येतात, बांधावर उभे राहतात, बघतात, जातात. एक शब्द बोलत नाहीत. मलाच विचारावं लागतं, बरं आहे ना म्हणून." बांध मात्र आप्पांनी जूनच्या आधीच भरून घेतला होता.

दिवाळीनंतर आप्पांचं पोस्टकार्ड आलं, शेठना घेऊन ये. आम्ही पोचलो तेव्हा ओटीवर दोन पाट मांडलेले होते. शेठ बसले नाहीत.

"फुडल्या सालाला?" त्यांनी विचारलं.

आप्पा त्यांना कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे शेणाने लिंपलेली एक लहान कणगी होती. "सगळ्यात भरलेल्या लोंब्यांचं बी आधी काढलं," आप्पा म्हणाले. "मगच बाकीचं कांडायला दिलं."

शेठनी कणगीवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग बाहेर जाऊन हात धुतले आणि पाटावर बसले. आईने वाफाळता तांबूस भात वाढला. पहिला घास ते फार वेळ चावत राहिले. आईला काळजी वाटली.

"मीठ कमी झालं का?"

"नाय," गोमाशेठ म्हणाले. "बरोबर हाय. वाढ अजून."