डोळ्यांखाली मोहरीएवढं

तीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासतेय. माझ्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक सापडली तर दिवसभर पाणी पिणार नाही, असं मी चारचौघांत सांगत असते आणि आजवर कधी तहानलेली राहिलेली नाही. डोळ्यांत तेल घालून काम करणं म्हणजे काय ते मला विचारा. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार हे मला माहीत आहे. हसा. घरातल्यांचं हसून झालंय, तुम्हीच तेवढे उरलात.

सुरुवात झाली ती लेकीच्या होणाऱ्या सासूबाईंपासून. लेकीनं आपलं आपणच जमवलं होतं. मुलगा पुलांचे नकाशे काढतो, कमी बोलतो, लेकीपुढे तर मुळीच बोलत नाही, म्हणजे सगळं योग्यच होतं. दोन्हीकडच्या आईवडिलांनी एकदा भेटावं म्हणून आम्ही कॉफीच्या दुकानात जमलो. मी ठेवणीतले कपडे घातले होते. चष्मा मात्र पर्समध्ये ठेवला होता, कारण चष्म्यात मी शाळा तपासायला आलेली बाई दिसते.

विहीणबाई समोर येऊन बसल्या. माझ्याहून वर्षानं मोठ्या, हे लेकीनं आधीच सांगितलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांखाली बघाल तर इस्त्री फिरवल्यासारखं सपाट! सुरकुती नाही, फुगवटा नाही, साधी सावलीसुद्धा नाही. त्यांनी मेनूकार्ड न उघडताच नवऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो, मला काहीही चालतं." काय तो मोठेपणा, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे हात करून ह्यांना विचारलं,

"आणि ह्या तुमच्या थोरल्या बहीण का?"

मी ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान आहे. अशा वेळी नवऱ्यानं काय करावं? निदान खोकावं. हे हसले. चांगले टेबलाला धरून हसले. विहीणबाई ओशाळल्या, लेकीनं विषय बदलला, कॉफी आली, पण मला त्यानंतरचं काही आठवत नाही.

घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले, चष्मा लावून. डोळ्यांखाली कातडी अशी चुरगळली होती जसा खिशात राहून धुतला गेलेला कागद.

"अहो, मी खरंच तुमची थोरली बहीण वाटते?"

"छे. माझी थोरली बहीण तुझ्यापेक्षा..." एवढं बोलून हे थांबले आणि पेपर वाचायला गेले. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस वाक्य कुठे तोडायचं ते बरोबर ओळखतो.

तीन आठवड्यांनी विहीणबाई आमच्या घरी लग्नाची तारीख ठरवायला येणार होत्या. तोवर डोळ्यांखालची पाच वर्षं तरी उतरवायची आणि त्यांच्या तोंडून "अहो, तुम्ही लेकीच्या आई वाटतच नाही" एवढं वाक्य काढून घ्यायचं, असा मी पणच केला.

आता ह्या विषयात मी काही अडाणी नाही. "घरच्या घरी तारुण्य" नावाच्या पुस्तिकेच्या तीन आवृत्त्यांची प्रुफं मीच तपासली आहेत. तिच्या लेखकाच्या स्वतःच्या डोळ्यांखाली आठवड्याचा बाजार मावेल एवढ्या पिशव्या आहेत, पण ज्ञान कुणाकडूनही घ्यावं. पहिल्या दिवशी काकडीच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडले. डोळे उघडले तेव्हा एकच चकती होती. दुसरी ह्यांनी मीठ लावून खाल्ली होती. "मला वाटलं तुझी झाली," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये चमचे गार करायला ठेवले, तर माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात हुडकत फिरल्या, "आठ चमचे होते, सहाच कसे राहिले?" आणि संध्याकाळपर्यंत भांडी घासणाऱ्या बाईंवर आळ आला. त्या बाईंची समजूत काढता काढता माझ्या डोळ्यांखाली आणखी दोन सुरकुत्या पडल्या असाव्यात.

शेवटी औषधांच्या दुकानातून क्रीम आणलं. करंगळीएवढी ट्यूब आणि तिच्यासोबत टेबलभर उलगडणारं माहितीपत्रक. ते मी चष्मा लावून, लाल पेन घेऊन वाचलं. सात चुका निघाल्या. त्यात लिहिलं होतं की डोळ्यांखालची कातडी मुळातच सगळ्या अंगात पातळ, वय वाढलं की ती आणखी विरते. म्हणून चोळू नये, हलकेच थोपटावं. मोहरीएवढंच घ्यावं. करंगळीशेजारच्या बोटानं लावावं, कारण त्या बोटात जोर नसतो. पाठीवर झोपावं, आणि चेहऱ्याच्या फार हालचाली करू नयेत. मी पत्रक पाठ केलं.

इथे ह्यांची ओळख करून द्यायला हवी. हे एका कारखान्याच्या गोदामाचे प्रमुख आहेत. दर रविवारी घराचंही गोदाम करतात. त्या रविवारी ह्यांनी बाथरूमचा कप्पा हाती घेतला. खोकी जागा खातात म्हणून सगळी खोकी फेकून दिली आणि आतल्या ट्यूबा दोन पेल्यांत उंचीप्रमाणे उभ्या केल्या. "डावा पेला आईचा, उजवा तुझा. आता डोळे मिटून हात घातलास तरी चुकणार नाही," असं अभिमानानं सांगितलं.

सासूबाईंची कवळी आहे, खालची आणि वरची. ती हिरड्यांवर घट्ट बसावी म्हणून त्या सकाळी तिला एक पेस्ट लावतात. तीही पांढरी ट्यूब, निळी अक्षरं, करंगळीएवढी. आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. कारण डोळ्यांखाली क्रीम लावायचं तर चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की मला ट्यूब दिसते, तिच्यावरची अक्षरं नाहीत. तीस वर्षं दुसऱ्यांचं वाचून देणाऱ्या बाईनं स्वतःच्या तोंडाला काय फासतोय ते एकदाही वाचलं नाही.

आणि गुण आला हो! पहिल्याच सकाळी डोळ्यांखाली थंडगार वाटलं, पुदिन्यासारखा वास आला आणि पाच मिनिटांत कातडी तबल्यासारखी ताणली गेली. संध्याकाळी धुताना बारीक बारीक सालं निघाली. जुनी कातडी जातेय, असं मी समाधानानं म्हटलं. फक्त हसलं की डोळ्यांखाली तडा गेल्यासारखं व्हायचं. पत्रकातच लिहिलं होतं हालचाली कमी करा म्हणून, तेव्हा मी हसणं बंद केलं.

छापखान्यात चौथ्या दिवशी मशीनवाल्यानं विचारलं, "बाई, माझं काही चुकलं का?"

"नाही, का?"

"सकाळपासून तुम्ही डोळे वटारून बघताय."

मी वटारले नव्हते. ते तसेच राहिले होते. पण त्या आठवड्यात सगळी कामं वेळेवर झाली, एवढं खरं.

घरी मात्र वेगळंच सुरू झालं. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "हल्ली पेस्टला गुलाबाचा वास येतो. तोंडात अत्तर ओतल्यासारखं वाटतं."

"कंपनीनं चव बदलली असेल," हे म्हणाले. गोदामप्रमुखाला मालाबद्दल शंका येत नाही, मांडणीबद्दल तर नाहीच.

त्यानंतर सासूबाईंनी बोलणं टाकलं. ज्या बाईनं पन्नास वर्षं ह्या घरात शेवटचा शब्द कुणाला दिला नाही, ती मानेनं हो-नाही करू लागली. विचारलं तर ओठ आवळून खिडकीबाहेर बघायची. मला वाटलं, वय झालं. खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

पण लेक ते सगळं बघत होती. ती लग्नाचं काही बोलायला आली की आजी तोंड फिरवते आणि आई डोळे वटारून, न हसता बघते. तिनं कपड्यांचे रंग दाखवले, मी "छान" म्हणाले, दगडासारख्या चेहऱ्यानं. तिनं मुलाचा एक किस्सा सांगितला, मी गालाला बोट लावून हसू दाबलं. विहीणबाई यायच्या आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"आई, तुम्हां दोघींना तो पसंत नाही ना?"

"कोण म्हणतं?"

"तुझा चेहरा म्हणतो. आजी तर दहा-बारा दिवस माझ्याशी बोललीच नाही. तुमच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. उद्या काय ते सांगून टाका. मी त्यालाही तसं कळवलंय."

मी तिला जवळ घेतलं, समजावलं, पण हसून दाखवता येईना. ती डोळे पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चौघं आमच्या बैठकीच्या खोलीत बसले: विहीणबाई, व्याही, मुलगा आणि त्याच्या डाव्या हाताला चिकटून बसलेली, रडून डोळे सुजलेली माझी लेक. खास दिवस म्हणून मी सकाळी मोहरीऐवजी वाटाण्याएवढं लावलं होतं. चष्मा अर्थातच काढलेला. विहीणबाई तशाच, इस्त्रीदार. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत, ओठ आवळून.

"काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा," व्याही म्हणाले. "आम्ही वाईट वाटून घेणार नाही."

मी "अडचण कसली" म्हणायला चहाच्या कपावरून तोंड वर केलं, तर वाफेनं डोळ्यांखाली काहीतरी भिजलं. ते विरघळून चिकट झालं, मी रुमालानं टिपलं, रुमाल तिथेच चिकटला.

"रडताहेत हो त्या," विहीणबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या.

मी रुमाल ओढला. तार निघाली. तेवढ्यात सासूबाईंनी, आता काहीतरी केलंच पाहिजे म्हणून, बिस्किट उचललं आणि चावलं. खालची कवळी घसरली, बाहेर आली आणि अलगद बिस्किटांच्या बशीत जाऊन बसली.

विहीणबाईंनी वातावरण सैल करायचं म्हणून बशीकडे हात नेला.

"अरे वा, हे काय वेगळं? घरी केलंय?"

"ते आमच्या आईंचं आहे," मी कशीबशी म्हणाले.

"ह्या वयात स्वतः करतात? कमाल आहे." आणि त्यांनी ते उचललं.

"अगं, ठेव ते खाली!" व्याही ओरडले. "किती वेळा सांगितलं, चारचौघांत जाताना चष्मा काढत जाऊ नकोस म्हणून. आधी चष्मा लाव!"

विहीणबाईंनी पर्समधून जाड भिंगांचा चष्मा काढला, लावला, हातातल्या वस्तूकडे पाहिलं आणि ती फार सावकाश बशीत ठेवली. हे धावत जाऊन आईंच्या पेल्यातली ट्यूब घेऊन आले. विहीणबाईंना, चष्मा लावलाच आहे म्हणून, ती वाचून द्यावीशी वाटली असावी.

"डोळ्यांखालच्या नाजूक त्वचेसाठी. मोहरीएवढं घेऊन..."

मग सगळ्यांनी वळून माझ्या डोळ्यांखाली पाहिलं.

"आजी, म्हणजे तू रागावली नव्हतीस?" लेकीनं विचारलं.

"तोंड उघडलं की दात पळायचे गं," सासूबाई बोबड्या आवाजात म्हणाल्या. "तुझं लग्न मला नको कशाला असेल? मुलगा तर मला तुझ्या आजोबांपेक्षाही पसंत आहे."

"आणि आई तू?"

"मी हसले असते तर तडा गेला असता," मी म्हणाले, आणि मला फार लाज वाटली. माझी पोर दहा-बारा दिवस मनातल्या मनात लग्न मोडत होती आणि मी आरशात बघत होते. तिला मिठी मारली तर तिच्या केसांची एक बट माझ्या गालाला चिकटली. ती सोडवायला होणारे जावई पुढे आले. मुलगा कामाचा आहे.

मग गरम पाण्यानं तोंड धुतलं, चष्मा लावला आणि विहीणबाईंसमोर येऊन बसले. पहिल्यांदाच त्यांना नीट पाहिलं. कसली इस्त्री नि कसलं काय! त्यांच्या डोळ्यांखाली माझ्यापेक्षा दोन घड्या जास्त होत्या. मला इतकी माया दाटून आली म्हणून सांगू. त्याही चष्म्यातून माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"त्या दिवशीचं मनाला लावून घेतलंत ना?" त्या म्हणाल्या. "चष्मा नव्हता हो, म्हणून मी तुम्हाला तुमच्याच यजमानांची थोरली बहीण म्हणाले."

"आणि आता?" मी विचारलं. एवढं सगळं झाल्यावरही माझी जीभ विचारायची थांबली नाही.

त्यांनी चष्मा सारखा केला, पुन्हा एकदा पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हणाल्या,

"बरं झालं हो, त्या दिवशी चष्मा नव्हता."

सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या, दहा-बारा दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. ह्यांनी तोवर त्यांना योग्य ट्यूब लावून दिली होती. त्या पाच मिनिटं हसल्या, पण दात जागचे हलले नाहीत. पेस्ट चांगली आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही.