सिमेंट नव्हे, बेसन

आमच्या मजल्यावरच्या नाना तोरसकरांनी निम्म्या इमारतीची भांडी बळकावली होती, असे इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीत अजून सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. त्यांनी ती ठेवून घेतली होती. बळकावणे आणि ठेवून घेणे यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी निदान मला तरी शिकवू नये. नानांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि त्या दिवसांत तिचाही गिलावा उडालेला होता. या प्रकरणात बोलण्याचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला नाही.

घडले ते असे. नानांच्या सिंकखालचा पाइप गळू लागला आणि पाणी खालच्या मजल्यावर, आमचे सेक्रेटरी महाडिक यांच्या फ्रीजवर ठिबकू लागले. महाडिकांनी नोटीस धाडली. नानांनी पाइप बदलायला मिस्त्री बोलावला. त्याने फरशी फोडली, फरशीमागोमाग ओटा हलला, ओट्यामागोमाग टाइल्स आल्या, आणि स्वयंपाकघराच्या जागी विटा-वाळूचा ढिगारा उरला. "आठ दिन में चकाचक कर देगा, अंकल," असे सांगून मिस्त्री वरसाव्याला दुसऱ्या कामावर गेला आणि तिथलाच झाला.

दुसरा कोणी असता तर खचला असता. नाना हे एका छापखान्याच्या भांडारातून निवृत्त झालेले. वस्तू जागेवर नसली की तिला दुसरी जागा द्यायची, हे त्यांचे जन्माचे शिक्षण. त्यांनी मसाल्याचा डबा चपलांच्या स्टँडवर नेला, मिक्सरला सोफ्यावर बसवले आणि फ्रीज निजायच्या खोलीत असा उभा केला, की दूध काढायला पलंगावरून रांगत जावे लागे. आंघोळ आणि भांडी ते एकाच बादलीत उरकत. मी काही विचारण्याआधीच ते बोट वर करून म्हणत, "अप्पा, तात्पुरती व्यवस्था!"

चहाची इंडक्शन शेगडी वॉशिंग मशीनच्या झाकणावर होती. तिच्यावर केलेला चहा मी स्वतः प्यायलो आहे.

"कपडे पिळायला लागले ना अप्पा, की चहा ढवळावा लागत नाही," नाना अभिमानाने म्हणाले. तो चहा ढवळला गेला होता, यात शंका नाही. थोडा माझ्या सदऱ्यावरही ढवळला गेला.

आता भांड्यांविषयी. नानांच्या पत्नी सुमनवहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा बंगळुरूला. एकटा माणूस धुळीत बसून पाव खातो आहे, हे पाहून मजल्यावरून डबे येऊ लागले. पण शेजारचे भांडे रिकामे परत पाठवायचे नाही, हा वहिनींचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला होता. नानांकडे भरून द्यायला काही नव्हते, कारण शिजवायला जागाच नव्हती. सबब भांडी राहिली. यात बळकावणे कुठे आले?

समोरच्या जिग्नाबेन एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "नानाजी, मेरा ढोकले का डब्बा?"

"जिग्नाबेन, खाली डब्बा हमारे घर से नहीं जाता."

"अरे, खाली चलेगा ना!"

"आपको चलेगा. हमको नहीं चलेगा."

एवढे बोलताना जिग्नाबेनची नजर आत गेली. सोफ्यावर मिक्सर, त्याच्या शेजारी नाना आणि नानांच्या मांडीवर केळे. बाई हळहळल्या आणि संध्याकाळी हांडवो घेऊन आल्या, अर्थात दुसऱ्या डब्यातून. हे प्रत्येकाचे झाले. डबा मागायला गेलेला माणूस दुसरा डबा देऊन परत येई. लवकरच नानांच्या पलंगावर भांडी निजू लागली आणि नाना सोफ्यावर मिक्सरच्या पायथ्याशी. आमच्या सौभाग्यवतीने पाहुणे आलेले असताना उपमा कुकरच्या झाकणात वाढला, असे जे सांगतात, ते मात्र खरे आहे.

महाडिकांच्या पत्नीनेही अळूवड्या पाठवल्या होत्या. नोटीस नवऱ्याची, अळूवड्या बायकोच्या, असा तो न्याय. परतफेडीची सुरुवात नानांनी याच डब्यापासून करायचे ठरवले, आणि तिथेच सगळे बिघडले.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या सभेत महाडिक तो डबा घेऊन उभे राहिले. "बघा! आमच्या हिने अळूवड्या दिल्या आणि ह्यांनी सिमेंटचे गोळे भरून परत केले! पाइपचा राग काढतायत! माझं म्हणणं आहे, सगळ्यांची भांडी आजच्या आज ताब्यात घ्या आणि ह्या घरात पुन्हा कोणी काही पाठवू नका!" असे म्हणून त्यांनी एक गोळा टेबलावर टाकला. त्याचा जो आवाज झाला, तो नानांच्या विरोधात गेला, हे मी मान्य करतो.

नाना खाली मान घालून एवढेच म्हणाले, "बेसन आहे."

"बेसन राखाडी असतं?"

मी उठलो. "महाडिक, खाऊन पाहिलात का?"

"अहो अप्पा, दात माझे आहेत!"

"माझे विकतचे आहेत. आणा इकडे."

तो लाडू मी भर सभेत खाल्ला. वेळ लागला. सभा थांबली होती. माझी कवळी तुटली, ही महाडिकांनी पिकवलेली कंडी आहे. ती फक्त सरकली आणि मी ती सर्वांसमक्ष पुन्हा बसवली. त्यानंतर मी म्हणालो, "यात वेलदोडा आहे. सिमेंटात वेलदोडा कोण घालतो, हे सेक्रेटरींनी सभेला सांगावे."

ठराव बारगळला. लाडवात थोडी धूळ असेल. त्या दिवसांत ती माझ्या चहातही होती, म्हणून काही त्याला कोणी सिमेंट म्हणाले नाही.

जिना चढताना मी नानांना रागावलो. "अहो, डब्यात मूठभर साखर घालायची! चार केळी ठेवायची! हा खटाटोप कशाला?"

"विकतचं घालून दिलं तर तो रिकामाच की, अप्पा. आमची ही बेसन भाजायची तेव्हा मी हॉलमध्ये पेपर वाचत असायचो. वास यायचा. तेवढ्यावरून, मशीनवरच्या त्या शेगडीवर करतोय. सहाव्या खेपेला गोळा तरी झाला."

"आधीच्या खेपांचे काय केलेत?"

"खाल्ले," नाना म्हणाले.

यथावकाश मिस्त्री परतला. ओटा झाला, टाइल्स लागल्या आणि नानांचे लाडूही सोनेरी दिसू लागले. एकेक डबा भरून ज्याच्या-त्याच्या घरी गेला. महाडिकांनी हे लाडू चारचौघांत वाखाणले, ही गोष्ट ते स्वतः आता नाकारतात. पलंग मोकळा झाला. मजला शांत झाला. नानांच्या दारावरची बेल, जी दिवसभर वाजत असे, ती वाजेनाशी झाली.

मग एके सकाळी आमची बेल वाजली. दारात नाना, हातात पितळी कडीचा डबा.

"हा तुमचा राहिला होता."

आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "नाही हो नाना, आपले सगळे आले परत." मीही तेच सांगणार होतो. परक्याची वस्तू माझी म्हणून कोणी माझ्या गळ्यात मारलेली मला खपत नाही. पुरावा म्हणून मी डबा उलटा केला. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेले होते: सौ. सुमन तोरसकर.

मी वर पाहिले. नाना आमच्या दाराची कडी न्याहाळत होते.

"सावकाश द्या परत," ते म्हणाले. "घाई काही नाही."

"आमचाच आहे," मी म्हणालो. "उद्या देतो. आणि भरून देईन हो, रिकामा द्यायची पद्धत आमच्याकडेही नाही."

नाना गेल्यावर सौभाग्यवती म्हणाली, की आमच्या घराण्यात अशी पद्धत कधीच नव्हती. मी तिच्याशी वाद घातला नाही.