लाल ठिपक्यांची सहल

"पाच दिवस, सात माणसं, एक्केचाळीस राईड! आणि एकही गोष्ट चुकणार नाही! सगळं माझ्यावर सोडा!"

नानांनी जेवणाच्या टेबलावर हे जाहीर केलं आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले. थीम पार्कचं नवल कुणालाच नव्हतं, त्याची चर्चा महिनाभर चालली होती. नवल होतं ते नानांनी काही जाहीर केल्याचं! चौतीस वर्षं त्यांनी ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिण्यात काढली होती. बसमध्ये शेजारच्याला "जरा सरकता का?" म्हणायचं असलं, तरी ते मनात तीनदा वाक्य जुळवून बघत, आणि तोवर त्यांचा थांबा येऊन जाई.

"तुम्ही? तुम्ही करणार सगळं?" आजींनी विचारलं.

"हो. मी," नाना म्हणाले. आवाज अर्ध्यातच बसला, म्हणून ते पाणी प्यायले.

आता नानांच्या अंगात ही वीरश्री कुठून आली? तर आदल्या दुपारी मधली नात त्यांच्या खोलीत आली होती. वय नऊ. दार लावून ती पलंगाच्या पार कोपऱ्यात बसली.

"नाना, कुणाला सांगणार नाही ना?"

"नाही."

"मला त्या उलट्या होणाऱ्या राईडमध्ये नाही बसायचं. व्हिडिओ बघितला तरी पोटात कसंतरी होतं. पण दादाला कळलं, तर तो मला जन्मभर भित्री भागूबाई म्हणेल!"

दादा म्हणजे लंबू. वय पंधरा, आणि उंची रोज थोडी जास्तच. घाबरणाऱ्या माणसांवर त्याचा बारीक डोळा असे.

नानांना या पोरीचं दुःख आतून कळलं. कारण खरं सांगायचं तर, त्या व्हिडिओनंतर तेही रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले होते. नाना शिडीच्या दुसऱ्या पायरीवर कधी चढले नाहीत. ग्रंथालयात वरच्या फळीवरची पुस्तकं काढावी लागू नयेत, म्हणून त्यांनी एक अख्खा विषय खालच्या फळीवर आणून ठेवला होता. वाचक म्हणायचे, काय सोयीची मांडणी आहे!

"तुला कुणीही बसवणार नाही," नाना म्हणाले. "शब्द देतो. मी आहे ना!"

आणि मग हे कोण बोललं, म्हणून त्यांनीच एकदा मागे वळून पाहिलं.

दिलेला शब्द पाळायचा, तर बेत आपल्या हातात हवा. म्हणून ती घोषणा! दुसऱ्या दिवसापासून नाना कामाला लागले. प्रत्येक राईडचं एक कार्ड. वेग, उंची, कितीदा उलटं करतात, किमान किती उंचीचं मूल चालतं, दहा वर्षांखालच्या मुलाशेजारी मोठं माणूस लागतं का, मधूनच उतरायचं झालं तर दार कुठल्या बाजूला. आणि उजव्या कोपऱ्यात ठिपका. हिरवा म्हणजे सगळ्यांनी जावं. पिवळा म्हणजे हौस असेल त्यानं जावं. आणि लाल!

ग्रंथालयात लाल ठिपक्याचं पुस्तक इमारतीबाहेर जात नसे. मोठमोठे प्राध्यापक गयावया करून गेले, पण लाल म्हणजे नाही! चौतीस वर्षांत नानांनी ताठ मानेनं म्हटलेली ही एकच गोष्ट. तेव्हा चौदा राईडना त्यांनी लाल ठिपका दिला आणि त्यांच्यापुरतं त्या राईड पृथ्वीवरून नाहीशा झाल्या. ठिपक्यांचा अर्थ कुठे लिहून ठेवावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही. लालचा अर्थ काय सांगायचा?

तरीही जिवाची धाकधूक होतीच. हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी बसू नये, असं पार्कच्या नियमांत होतं. नानांनी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. स्वतःची तर मोठ्या आशेनं.

"नाना, अभिनंदन!" डॉक्टर म्हणाले. "चाळिशीतल्या माणसाचं हृदय आहे तुमचं!"

"पुन्हा एकदा बघता का?" नानांनी पडेल आवाजात विचारलं.

प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून फाइलला लागली. कार्डांचा डबा सूनबाईंच्या हाती गेला, कारण फोनवर वेळा राखून ठेवणं हे त्यांचं काम. सूनबाई म्हणजे रुग्णालयात चाळीस खाटांच्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका. त्यांनी कार्डं भराभर चाळली आणि त्यांचे डोळेच चमकले.

"नाना! काय पद्धतशीर काम आहे हो! तुम्ही आमच्या वॉर्डात असायला हवे होतात!"

नाना लाजले. वॉर्डातच का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. तिथेच घात झाला.

पहिल्या दिवशी पार्कच्या फाटकाशी सूनबाईंनी प्रत्येकाच्या हातात छापील वेळापत्रक दिलं. नानांनी चष्मा लावला. पहिली ओळ: उलटा डोंगर. दुसरी: पाताळविहीर. तिसरी: विजेचा साप. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साप जागचा हलला नव्हता! चौदाच्या चौदा लाल राईड पाच दिवसांत ओळीनं बसवल्या होत्या.

"सूनबाई... हे लाल ठिपके..."

"एकही सुटला नाही बघा!" सूनबाई हरखून म्हणाल्या. "आमच्याकडेही लाल ठिपक्याची फाइल आली की ती सगळ्यांत आधी! बाकीचं जग थांबलं तरी चालेल! वेळा मिळवायला मी दोन दिवस फोनला चिकटून होते!"

चार वर्षांत या बाईला सलग पाच दिवसांची सुटी मिळाली नव्हती. तिला आता काय सांगायचं? त्यांनी मदतीसाठी आजींकडे पाहिलं. आजी भोंग्याचं नाक पुसत होत्या. नाक स्वच्छ होतं.

भोंगा म्हणजे धाकटा नातू. वय चार. रडायला लागला की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत, म्हणून हे नाव.

"नाना, तुम्ही म्हणालात..." मधली कुजबुजली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"थांब. करतो काहीतरी." नाना पुढे सरसावले. "मला वाटतं, भोंग्याला मी सांभाळतो. आजींना जाऊ द्या. आणि मधली राहील माझ्या मदतीला."

आजींनी क्षणात घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. पण नानांनी उचलताच भोंग्यानं असा काही सूर लावला, की दोन रखवालदार धावत आले! एकानं तर नानांना विचारलं, "हे मूल तुमचंच का?" भोंगा परत आजींकडे गेला. आजींनी घड्याळ हळूच पुन्हा हातात घातलं.

"मग माझं ब्लडप्रेशर..." नाना म्हणाले.

सूनबाईंनी फाइल उघडली. "चाळिशीतल्या माणसाचं हृदय! हे काय, इथेच आहे!"

आता उरलं एकच ठिकाण. नानांनी पोट धरलं आणि स्वच्छतागृहाकडे धाव घेतली. मधली "मी जाते सोबत!" म्हणून मागोमाग. राईडची वेळ टळेपर्यंत नाना आत बसून भिंतीवरच्या फरशा मोजत होते आणि मधली बाहेरून मोजत होती. आत दोनशे बारा होत्या.

दुपारी विजेच्या सापाची वेळ झाली. नानांनी पोट धरलं. दुसऱ्या दिवशी तीनदा. पण सून परिचारिका असली, की पोटदुखी नुसती पोटदुखी राहत नाही! तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी नानांना मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. दर तासाला एक बाटली! त्यामुळे आता नानांना खरोखरच धावावं लागू लागलं. जेवायला कोरडा टोस्ट. लंबू वेळा लिहून ठेवत होता.

"आई, नाना आज नऊ वेळा! कालपेक्षा सहा जास्त!"

"रंग काय होता, विचार त्यांना."

हे संभाषण आइस्क्रीमच्या रांगेत, भर गर्दीत! नानांना वाटलं, याच्यापेक्षा पाताळविहीर बरी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई गंभीर चेहऱ्यानं शेजारी बसल्या.

"नाना, मला लक्षण ठीक वाटत नाही. उद्याचा दिवस रद्द. सकाळीच घरी निघायचं आणि दाखल करायचं तुम्हाला. आणि आज उलट्या डोंगरावरही गेलो नाही आम्ही. पहिल्या दिवसापासून वेळ पुढे ढकलतेय. तुमच्याशिवाय नको वाटतं."

लंबूचा चेहरा एवढासा झाला. मुलगा, म्हणजे या मुलांचे वडील, नकाशाची घडी घालू लागला. आणि दूर उभ्या असलेल्या आजी, मान मागे टाकून उलट्या डोंगराकडे बघत होत्या. चार दिवस त्या प्रत्येक राईडखाली अशाच उभ्या राहिल्या होत्या.

नाना ताडकन उभे राहिले. "मी बरा आहे! ठणठणीत! उद्या मी उलट्या डोंगरावर बसणार!"

बोलून झालं, आणि त्यांनी पुन्हा मागे वळून पाहिलं. मागे मधली उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रांगेत उभे राहिले. रांग दीड तासाची! डोक्यावरून दर तीन मिनिटांनी डबे धडधडत जात आणि आतल्या माणसांच्या किंकाळ्या तेवढ्या मागे राहत. मधलीचा हात बर्फासारखा गार पडला होता. पोरीला धीर द्यायला हवा होता, आणि नानांना धीर देण्याचा एकच प्रकार माहीत होता: माहिती.

"हे बघ," ते कुजबुजले, "चाकं रुळाला तीन बाजूंनी धरून असतात. वरून, खालून, बाजूनं. निसटायला जागाच नाही."

"खरंच?"

"रोज सकाळी आधी रिकामे डबे फिरवतात. आणि छातीवरचा दांडा स्थानकात आल्याशिवाय उघडत नाही. कुणी म्हटलं तरी!"

"पण उलटं झाल्यावर पडत कसं नाही?"

"पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवली तर पाणी सांडतं का? नाही ना? तसंच!"

नाना दीड तास बोलत होते. आयुष्यात इतका वेळ त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. पुढचे दोघे अनोळखी लोकही मान वळवून ऐकू लागले. मधलीचा हात हळूहळू ऊबदार झाला. नानांचा गार पडत गेला. मधली गप्प होती. नानांना वाटलं, पोर भीतीनं मुकी झाली.

पुढच्या डब्यात मुलगा आणि सूनबाई, त्यांच्या मागे लंबू, आणि सर्वांत शेवटी नाना आणि मधली. छातीवर दांडा आला. खट्!

त्या आवाजासरशी नानांचं धाबं दणाणलं. शब्द दिला होता! पोरीनं विश्वासानं सांगितलं होतं, आणि आपण तिला स्वतःच्या हातानं इथे आणून बसवलं! आता तिचं नाव न घेता तिला सोडवायचं, तर एकच वाट होती. नानांनी डोळे मिटले आणि चौतीस वर्षं कुजबुजलेल्या गळ्यानं आरोळी ठोकली:

"थांबा! मला भीती वाटते! मला उतरवा! आणि मला हिची सोबत लागते!"

स्थानकातली दोनशे माणसं माना उंचावून बघू लागली. लंबूचं तोंड उघडं ते उघडंच. यंत्रापाशी उभी असलेली मुलगी मात्र शांतपणे पुढे आली.

"काही हरकत नाही, आजोबा. रोज दहाजण तरी उतरतात. त्या बाजूच्या दारानं जा."

नाना मधलीचा हात धरून त्या बारक्या दारातून बाहेर पडले. कानशिलं तापली होती, पण छाती फुगली होती. मागे डबे धडधडत निघून गेले.

"झालं!" जिन्यावर ते धापा टाकत म्हणाले. "नाव माझं खराब झालं, तुझं नाही. दिला शब्द पाळला की नाही?"

मधलीनं हात झटकला. तिचे डोळे भरले होते.

"नाना! मी बसणार होते!"

"अगं, पण तूच म्हणालीस..."

"ते तेव्हा! मग तुम्हीच दीड तास सांगत होतात ना! तीन बाजूंनी चाकं! बादलीतलं पाणी! मला सगळं पटलं!"

"सगळं?"

"मग? तुम्हाला नाही पटलं?"

नाना पायऱ्या मोजत खाली उतरू लागले.

जिन्याखाली आजी भोंग्याला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नातीचे डोळे पाहिले, नानांचा चेहरा पाहिला, आणि भोंगा नानांच्या कडेवर दिला. वर आपला चष्मा दिला, घड्याळ दिलं.

"उतरलेल्याला परत जाता येतं का हो?"

"याच दारानं," नाना यंत्रासारखे म्हणाले. "कार्डावर लिहिलंय."

"चल गं!" आजी म्हणाल्या, आणि दोन-दोन पायऱ्या चढत नातीसकट दिसेनाशा झाल्या.

वीस मिनिटांनी सगळे खाली आले. आजींचा अंबाडा सुटून पाठीवर लोंबत होता. मधली नुसती उड्या मारत होती. लंबूनं तिला तोंड भरून शाबासकी दिली, आणि नानांकडे बघून तो काही बोलणार, तोच आजींनी त्याला डोळ्यांनीच दाबलं.

"अहो, सगळं जग उलटं दिसतं!" आजी म्हणाल्या. "आणखी कुठले लाल राहिलेत?"

"आई, बरं झालं मी तुम्हालाच विचारलं," सूनबाई म्हणाल्या. "कार्डं हाती आली तेव्हा, लाल म्हणजे आधी ना, म्हणून. तुम्ही हो म्हणालात!"

नानांनी मान सावकाश आजींकडे वळवली.

"तुला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"आणि लाल ठिपका म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"चौतीस वर्षं तुमचा डबा भरलाय. ठाऊक नसायला काय झालं?"

"मग?"

"मग काय! लाल ठिपक्याचं एक पुस्तक तुम्ही कधी घरी आणलं नाहीत. म्हटलं, एकदा आपणच जाऊन वाचावं."

आजी, मधली आणि बाकीची मंडळी पाताळविहिरीकडे निघाली. भोंग्याचा सूर लागायच्या आत नाना त्याला घेऊन समोरच्या फिरत्या कपबशांमध्ये जाऊन बसले. हिरवा ठिपका! सगळ्यांसाठी सुरक्षित! भोंग्यानं दोन्ही हातांनी मधलं चाक धरलं आणि आपला सगळा जोर लावून फिरवलं. आणि फिरवलं. आणि फिरवलं.

चार मिनिटांनी नाना झाडाच्या कुंडीला धरून बसले होते. पोट, या वेळी, खरोखरच उसळत होतं. थोडं स्थिर वाटल्यावर त्यांनी सूनबाईंनी सोपवून गेलेल्या डब्यातून कपबशांचं कार्ड काढलं, लाल पेन काढलं आणि हिरव्या ठिपक्यावर मोठा, गडद, लालभडक ठिपका काढला.

भोंगा खांद्यावरून बघत होता. गेल्या पाच दिवसांत तोही काहीतरी शिकला होता. त्यानं आनंदानं टाळ्या पिटल्या.

"लाल! नाना, लाल आधी! चला!"