समतुल्य न्हाय

हिरेमठ वकील दर महिन्याला शेंगाचटणीचे तीन दर मागवायचे आणि तिन्ही फेटाळायचे.

तीन दुकानांतून पुड्या मी आणायच्या. वर दुकानाचं नाव नको, नुसतं अ, ब, क. साहेब डोळे मिटून एकेक चिमूट जिभेवर ठेवणार आणि निकाल देणार, "समतुल्य न्हाय. मुदतवाढ." म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा तीन दर. नापास चटणी माझ्या घरी.

साहेब सरकारी शाळांना, नगरपालिकांना खरेदीचा सल्ला देतात. बाकं अमक्याच कंपनीची हवीत असं म्हणता येत नाही, पुढं 'किंवा समतुल्य' लिहावं लागतं. हा शब्द त्यांच्या अंगात भिनलाय. एकदा न्हाव्यानं विचारलं, "नेहमीसारखे कापू?" साहेब म्हणाले, "किंवा समतुल्य." नंतर आठवडाभर टोपी घालून फिरले.

मी गोंदियाकडची. नवरा होटगीला रेल्वेच्या ठेकेदाराकडं. मी साहेबांच्या फायली शिवते, नगरपालिकेत पोचवते, चहा करते. शाळा सातवीत सुटली, म्हणून कुणी शिक्षण विचारलं की मी विषय बदलते.

मागच्या महिन्यात नगरपालिकेतल्या नव्या अधिकाऱ्यानं विचारलंच. मग साहेबांना म्हणाला, "तुमच्या करारात मदतनीस दहावी पास लिहिलीय. ह्या बाईंना बदला."

मी मनातल्या मनात बोचकं बांधलं.

"पुढं वाचा की," साहेब म्हणाले.

"किंवा समतुल्य."

"ते कुणी घातलंय?"

"तुम्हीच."

"मग ह्या बाई समतुल्य हायत. त्या गेल्या तर मीबी जातो."

"आम्ही दुसरा वकील बघू."

"बघा की. समतुल्य घावला की कळवा."

अधिकाऱ्यानं माझ्या हातातली फाईल घेतली आणि चहा सांगितला.

साहेबांचे उपकार फेडायचे कसे, ते मला सुचेना. आमच्या ऑफिसच्या दाराला अडसर म्हणून एक दगडी खलबत्ता असतो. त्याला हात लावायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम. नगरपालिकेतल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी मी तो धुतला. शेंगदाणे भाजले, लसूण सोलला, तिखट घेतलं आणि कुटायला बसले.

आत साहेब फोनवर तावातावानं कलमं सांगत होते. दोन घाव पडले आणि आवाज बंद झाला. बघते तर दारात उभे.

"कुणी सांगितलं?"

माझा हात थांबला. आता मात्र काम गेलंच.

"थांबू नका," ते म्हणाले. "आणि मीठ आत्ता नको. ही शेवटी घालायची."

बाईसाहेबांना जाऊन तीन वर्षं झाली, हे मला शेजारच्यांकडून कळलेलं. साहेबांच्या तोंडून 'ही' पहिल्यांदाच ऐकलं.

मीठ शेवटी घातलं. साहेबांनी चिमूट घेतली, डोळे मिटले. ते लवकर उघडेनात.

"समतुल्य न्हाय," अखेर म्हणाले. आणि हात परत पुढं केला. "पण दुकानं बंद करा आता. मुदतवाढ तुम्हालाच."

दाराला हल्ली आम्ही वीट लावतो.